हाताचे बाक करून घेताना: एसटी थांबा, देऊळ आणि वाचनालय यांसाठी मार्गदर्शक

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीच्या एसटी थांब्यावर निवारा शेड आहे आणि त्या शेडमध्ये भिंतीला लागून सिमेंटचा गुळगुळीत कट्टाही आहे. तरीसुद्धा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझी आई तिथे कधी बसत नसे. गाडीला अर्धा-पाऊण तास उशीर झाला, तरी खांबाला टेकून ती उभीच राहत असे. एकदा मी तिला रागावलो तेव्हा ती म्हणाली, “बसेन रे, पण मग मला उठवायला कोण येणार?” त्या कट्ट्याला धरून उठण्यासारखे काहीही नव्हते, आणि हे माझ्या लक्षात यायला तिचे ते वाक्य ऐकावे लागले.

त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही वाडीतील थांबा, देवळाचा सभामंडप आणि वाचनालय मिळून अकरा बाक बसवले. त्यांपैकी पहिले चार चुकले. एकाचे हात गंजले, एकाचे हात भलत्याच जागी आले आणि दोन बाकांवर आमच्याकडच्या ठेंगण्या म्हाताऱ्यांचे पायच जमिनीला टेकेनात. ज्यांना आपल्या गावात असेच काम करायचे आहे, त्यांच्या वाट्याला निदान तेच घोळ पुन्हा येऊ नयेत म्हणून हे क्रमवार लिहीत आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. सुतार ज्याला खुर्चीचा ‘हात’ म्हणतो, त्यालाच मंडपवाला ‘हँडल’ म्हणतो आणि फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये तो ‘आर्म’ होऊन येतो. तिघांशी बोलताना तिन्ही शब्द वापरावेत; आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये ‘आर्म’ लिहिलेलेच नव्हते आणि त्यामुळे बाक बिनहाताचे आले.

१. आधी माणसे कशी उठतात ते पाहा

मोजपट्टी हातात घेण्यापूर्वी आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी थांब्यावर तासभर बसून राहावे. तरुण माणूस सरळ उठतो. वयस्क माणूस प्रथम पुढे सरकतो, पाय मागे घेतो, अंग पुढे झुकवतो आणि मग हाताने कशाचा तरी आधार शोधतो. आधार न मिळाल्यास तो स्वतःच्या मांड्यांवर तळवे रोवतो किंवा शेजाऱ्याचा खांदा धरतो. हात असले, म्हणजे शरीराचा काही भार दंडांवर जातो आणि गुडघा व खुबा यांच्यावरचा ताण तेवढा हलका होतो. बसतानाही हेच होते, कारण शेवटच्या चार बोटांच्या अंतरात अंग धपकन खाली जाऊ नये यासाठी हातच उपयोगी पडतात.

म्हातारपणी चालण्याची क्षमता पाहण्यासाठी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ‘टाइम्ड अप अँड गो’ नावाची एक चाचणी घेतात. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. हात असलेल्या, सुमारे ४६ सेंमी उंचीच्या खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, अशी ती चाचणी आहे. ३० सेकंदांत किती वेळा उठता येते हे पाहणारी दुसरी चाचणी मात्र हात छातीवर बांधून घेतात, कारण तिथे पायांचीच ताकद मोजायची असते. आपण गावात चाचण्या घेत बसण्याचे कारण नाही; पण हातांनी उठणे आणि हातांवाचून उठणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकानेही मानलेले आहे, एवढे ग्रामसभेत सांगता येते. मी ते सांगितले आणि ‘हात कशाला, उगाच खर्च’ म्हणणारे गप्प बसले.

आमच्या भागात ही गरज जरा अधिकच आहे. कमावती माणसे मुंबईला, त्यामुळे वर्षातले दहा महिने वाडीत म्हातारीकोतारीच राहतात. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा त्याच बाकावर तिघांच्या जागी पाच जण दाटीवाटीने बसतात. बाकाची आखणी करताना हे दोन्ही दिवस डोळ्यांसमोर असावेत.

२. जागा कोणाची आहे ते विचारा, मगच कागद जमवा

जागा रिकामी दिसते म्हणून ती गावाची असतेच असे नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेचा थांबा, जिल्हा मार्गावरचा थांबा आणि गावरस्त्यावरचा थांबा यांचे धनी वेगवेगळे असतात. तरीच्या, म्हणजे होडीच्या, धक्क्यावर बाक हवे असल्यास महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावे लागते. देवळाच्या बाबतीत ट्रस्टी किंवा मानकरी यांची संमती पुरते असे वाटते; परंतु सिंधुदुर्गातील बरीच देवळे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथे स्थानिक समितीला आधी विचारून घ्यावे.

ग्रामपंचायतीच्या जागेसाठी ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. त्यांतली १ मेची सोयीची, कारण चाकरमानी सुट्टीवर आलेले असतात आणि वर्गणीचा विषय तिथल्या तिथे निघतो. गैरसोयीचीही तीच, कारण ठराव होऊन काम सुरू होईपर्यंत पाऊस दाराशी येतो. आम्ही २ ऑक्टोबरला ठराव केला आणि काम दिवाळीनंतर काढले.

आम्हाला लागलेले कागद असे:

– ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल
– जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा
– रस्ता ज्या खात्याचा आहे त्याचे ना-हरकत पत्र
– हाताने काढलेला नकाशा, ज्यात बाक, रस्ता आणि शेडचे खांब यांच्यामधली अंतरे लिहिलेली असतील
– तीन कोटेशने, प्रत्येकात हातांची संख्या, जागा आणि धातूची प्रत स्वतंत्र लिहिलेली
– देणगीदार असल्यास त्याचे पत्र आणि पावती

अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा उल्लेख अवश्य करावा, कारण सार्वजनिक जागा सर्वांना वापरण्याजोग्या असाव्यात हे त्या कायद्याचे म्हणणेच आहे. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून या कामाला हातभार लावता येईल का, हे ग्रामसेवकांना लेखी विचारावे. तोंडी विचारले की तोंडीच नकार येतो.

देणगीदारांबद्दल एक सूचना. वाडीच्या मुंबई मंडळातील एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ बाक दिला आणि नाव पाठीवर उठावाच्या अक्षरांत कोरून घेतले. टेकून बसणाऱ्याच्या पाठीला त्यांच्या वडिलांचे नाव अक्षरशः रुतत असे. नाव द्यावेच, पण ते पाठीच्या मागच्या बाजूला किंवा बैठकीच्या समोरच्या पट्टीवर सपाट रंगाने लिहावे.

३. मापे: कोटेशन मागण्यापूर्वी कागदावर पक्की करा

बैठकीची उंची जमिनीपासून ४३ ते ४५ सेंमी ठेवावी. अमेरिकेच्या २०१० सालच्या सुगम्यता-मानकांत बाकाची उंची १७ ते १९ इंच, म्हणजे साधारण ४३ ते ४८ सेंमी दिलेली आहे. गुडघे दुखणाऱ्याला उंच बैठक सोयीची पडते हे खरे, कारण उठायचे अंतर कमी होते. पण आमच्या वाडीतील बहुतेक आज्या ठेंगण्या आहेत. ४८ सेंमीच्या बाकावर त्यांचे पाय लोंबकळतात, मांडीखालची शीर दबते, आणि पाय जमिनीला टेकले नाहीत तर पुढचे उठणे हातांनीसुद्धा जमत नाही. म्हणून उंचीचा मोह आवरून जी उणीव राहील ती हातांनी भरून काढावी. शेडच्या जमिनीला उतार असेल तर माप उताराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना घ्यावे. आमच्या एका बाकात या दोन मापांमध्ये ५ सेंमीचा फरक निघाला.

बैठकीची खोली ४२ ते ४५ सेंमी पुरते. त्याहून खोल बैठक आरामाची वाटते, पण पाठ टेकवल्यावर गुडघे कडेपर्यंत येत नाहीत आणि उठताना आधी फरफटत पुढे यावे लागते. जुन्या घरांतील वेताची आरामखुर्ची आठवा. तिचे लांबलचक हात हे पाय पसरून ठेवण्यासाठी असत. त्या खुर्चीतून उठताना त्या हातांचा फारसा उपयोग होत नसे, कारण बैठक खोल आणि मागे झुकलेली असे. आजोबा तिच्यातून उठत तेव्हा घरातले कोणीतरी आपोआप पुढे होई. सार्वजनिक बाकाजवळ असे कोणी असेलच हे धरून चालता येत नाही.

हाताची उंची बैठकीपासून मोजायची, जमिनीपासून नव्हे. माणूस ताठ बसून कोपर काटकोनात ठेवील तेव्हा कोपराची खालची बाजू जिथे येईल, तिथे हाताचा वरचा भाग यावा. आम्ही वाडीतल्या नऊ जणांना स्टुलावर बसवून हे माप घेतले आणि २० सेंमी ठरवले. २५ सेंमीपेक्षा वर गेल्यास खांदे उचलले जातात आणि जोर लागत नाही. १५ सेंमीच्या खाली गेल्यास वाकून धरावे लागते. गादी घालणार असाल तर तिची जाडी धरून मोजावे, कारण गादी दबते आणि हात मात्र आहे तिथेच राहतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे आणि कोटेशनमध्ये हमखास वगळले जाणारे माप सांगतो: हात पुढे किती यावा. बाजारातील अनेक बाकांचे हात बैठकीच्या निम्म्यावर किंवा फार तर दोन-तृतीयांशावर संपतात. टेकून बसलेल्या माणसाचे कोपर तेथे छान टेकते. परंतु उठायच्या क्षणी माणूस पुढे सरकलेला असतो, त्याची छाती गुडघ्यांवर आलेली असते आणि तळवे बैठकीच्या पुढच्या कडेजवळ असतात. हात तिथवर आलेला नसेल तर तो नसल्यासारखाच. म्हणून हाताचे पुढचे टोक बैठकीच्या कडेच्या रेषेत किंवा तिच्या २-३ सेंमी पुढे यावे. ते टोक गोल करून घ्यावे. टोकदार राहिले तर पदर आणि पिशव्यांचे बंद अडकतात.

हाताच्या पकडीचा विचार वेगळा करावा. कोपर टेकायला ६-७ सेंमी रुंदीची सपाट पट्टी बरी वाटते, पण उठताना तीच पट्टी मुठीत मावत नाही. पुढच्या एक वितीभर भागात ती निमुळती करून ४ सेंमीच्या आसपास गोलाई द्यावी. पाइपचा हात असल्यास साधारण ४ सेंमी व्यासाचा पाइप घ्यावा.

शेवटचे माप बैठकीखालचे. उठताना पाय मागे घ्यावे लागतात, म्हणून पुढच्या कडेखाली किमान १० सेंमी पोकळी हवी. जमिनीपर्यंत सरळ भरीव बांधलेल्या कट्ट्यावर टाच मागे जातच नाही. नवा कट्टा बांधणार असाल तर वरची फरशी पुढे काढून ही जागा ठेवायला गवंड्याला सांगावे.

४. मधला हात कुठे द्यायचा

टोकांच्या हातांबद्दल कोणी वाद घालत नाही. भांडण मधल्या हातावरून होते, आणि आमच्या ग्रामसभेत ते दोन तास चालले.

एका बाजूचे म्हणणे असे होते की प्रत्येक दोन जागांमध्ये हात द्यावा, म्हणजे रात्री कोणी पिऊन येऊन आडवा होणार नाही. मोठ्या शहरांतील अनेक बाकांवर याच हेतूने मधले हात बसवलेले दिसतात. दुसऱ्या बाजूला होत्या बायका. लहान मूल मांडीशेजारी निजवता येत नाही, माशांची पाटी किंवा तांदळाची पिशवी बाजूला ठेवता येत नाही, आणि अंगाने भारी असलेल्या बाईला त्या खणात बसताच येत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या थांब्यावर आरोग्य केंद्रातून सलाईन घेऊन परतणारी माणसेही बसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला क्षणभर आडवे व्हावेसे वाटले तर बाकाने त्याला अडवावे, हे मला पटले नाही. पिणाऱ्याचे म्हणाल, तर तो कट्ट्यावर झोपायचा तो जमिनीवर झोपू लागेल, एवढाच फरक होईल.

तरीही मधला हात पूर्ण वगळणे योग्य नाही. टोकाला बसणाऱ्याला एकाच बाजूचा आधार मिळतो, आणि ज्याचा एक हात पक्षाघाताने निकामी झाला आहे त्याच्या नेमक्या चांगल्या बाजूला हात असेलच असे नाही. दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून उठावे लागते. आम्ही शेवटी जी रचना ठरवली, ती सहा फुटी बाकासाठी अशी आहे: बाकाची एकूण लांबी १८० सेंमी आणि प्रत्येक हाताची रुंदी ५ सेंमी. टोकाचा हात, मग ५५ सेंमीचा एक खण, मग मधला हात, मग ११० सेंमीची मोकळी बैठक आणि शेवटी दुसऱ्या टोकाचा हात. खणात बसणाऱ्याला दोन्ही हात मिळतात. मोकळ्या भागात दोघे ऐसपैस बसतात, गणपतीत तिघे बसतात, आणि मुलाला निजवताही येते. हा खण शेडच्या आतल्या बाजूला, झडीपासून दूर ठेवावा, कारण तिथे बहुधा सर्वांत म्हातारे माणूस बसणार असते.

दोन किंवा अधिक बाक असतील तर त्यांतील एकाचे एक टोक मुद्दाम बिनहाताचे ठेवावे आणि त्याच्या शेजारी ९० सेंमी रुंद, १२० सेंमी लांब अशी सपाट जागा मोकळी सोडावी. चाकांच्या खुर्चीतून बाकावर आडवे सरकायचे असते तेव्हा हाच आधार आडकाठी बनतो. आमच्याकडे ही जागा सोडली खरी, पण तिथे दुचाक्या लागू लागल्या. दोन दगड रोवून तो प्रश्न सोडवावा लागला.

सभागृहात किंवा नाट्यगृहात रांगेच्या खुर्च्या घेणार असाल तर हिशेब निराळा असतो. दहा खुर्च्यांच्या रांगेला अकरा हात येतात, म्हणजे टोकाचे दोन सोडले तर प्रत्येक हात दोघांच्या सामाईकीचा. ५ सेंमीच्या हातावर दोन कोपरे मावत नाहीत आणि नाटकाचा पहिला अंक कोपरांच्या ढकलाढकलीत जातो. अरुंद हात असेल तर एकाने पुढचा आणि दुसऱ्याने मागचा भाग वापरावा, हा समजुतीचा मार्ग आहे. खरेदी करणाऱ्याने मात्र मधले हात निदान ७-८ सेंमी रुंदीचे मागावेत, आणि वाटेकडच्या टोकाचा हात वर उचलता येणारा घ्यावा.

५. लाकूड की लोखंड

किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यावर अवलंबून असते. समुद्रापासून जेवढे जवळ, तेवढे लोखंडापासून दूर राहावे.

आमचे पहिले हात साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे लोखंड) पाइपचे होते. वरून तेलरंग दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सांध्यांपाशी रंग फुगला आणि तिसऱ्या वर्षी पापुद्रे निघून हाताला लागू लागले. पाइप बाहेरून गंजतो हे सगळ्यांना दिसते. आतून गंजतो ते दिसत नाही. तोंडे नीट बंद केलेली नसली की पाणी आत शिरते आणि तिथेच साचते. एमएस वापरायचेच असेल तर वेल्डिंग आणि छिद्रे पूर्ण झाल्यावर अख्खा सांगाडा गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करून घ्यावा. बाजारातला जीआय (आधीच जस्ताचा थर दिलेला) पाइप आणून तो इथे वेल्ड करणे म्हणजे ते नव्हे, कारण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते आणि गंज नेमका तिथून सुरू होतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये फॅब्रिकेटर बहुधा ३०४ प्रत देतात. ती घरात चांगली. खाऱ्या वाऱ्यात तिच्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटतात. ३१६ या प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तिच्यावर मिठाचा परिणाम बराच कमी होतो. ती महाग पडते. म्हणून सगळा बाक ३१६ चा करण्यापेक्षा फक्त हात आणि स्क्रू-बोल्ट ३१६ चे घ्यावेत आणि बैठक लाकडाची किंवा दगडाची करावी. स्टीलच्या हाताला साधे लोखंडी स्क्रू मात्र चालू देऊ नयेत. त्यांचा गंज ओघळून सगळे काम खराब दिसते.

लाकडाचा हात मला स्वतःला अधिक आवडतो, कारण एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या स्टीलला हात लावता येत नाही. सागवान उत्तमच. आपल्याकडचे फणसाचे लाकूडही हातांसाठी छान आहे: पिवळेधमक, वापरून वापरून तपकिरी होत जाणारे आणि रंधल्यावर गुळगुळीत येणारे. ऐन आणि किंजळ पायांना व चौकटीला घ्यावेत. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण तिला कीड लवकर लागते. ती उघड्यावर वापरू नये.

इथे दोन गोष्टींपासून सावध करतो. पहिली झाडाची. “आमच्या परड्यातला फणस घ्या आणि बाक करा,” असे कोणी मोठ्या मनाने म्हणेल. साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली अनुसूचित आहेत आणि ती स्वतःच्या जमिनीतील असली तरी तोडायला परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचेही आधी तलाठी आणि वनखात्याकडे विचारून घ्यावे.

दुसरी तेलाची. काजूच्या टरफलांचे काळे तेल वासे आणि होड्या यांना लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि वाळवीवर ते गुणकारी आहे यात शंका नाही. पण तेच तेल कातडीला लागले की फोड येतात. आमच्या सुताराने चांगल्या हेतूने ते हातांनाही फासले होते. सुदैवाने वाळवीच्या आधी ते मला दिसले आणि ते हात बदलून घेतले. बाकाच्या पायांना, जमिनीलगत, ते लावावे. माणसाचा तळवा जिथे पडतो तिथे जवसाचे उकळलेले तेल किंवा चांगले मरीन वॉर्निश वापरावे. हाताच्या पुढच्या टोकाला लाकडाचे आडवे कापलेले तोंड असते आणि पाणी तिथूनच सर्वाधिक शिरते, म्हणून त्या तोंडाला तेलाचा हात दोनदा जास्त द्यावा.

६. असलेल्या कट्ट्याला हात बसवणे

नवा बाक घ्यायला पैसे नसतील तर जुन्या कट्ट्यालाच हात बसवता येतात, आणि खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक उपयोग याच कामाचा झाला. आम्ही शेडच्या कट्ट्यावर उलट्या ‘यू’ आकाराचे तीन पाइप बसवले. मागचा पाय भिंतीत, पुढचा पाय कट्ट्यावर.

पुढचा पाय कट्ट्याच्या अगदी कडेला बसवण्याचा मोह होतो, कारण हात कडेपर्यंत यायला हवा असतो. कडेला छिद्र पाडले की बोल्ट आवळताना सिमेंटचा कोपरा निघून येतो. पाय कडेपासून १० सेंमी आत ठेवावा आणि पाइप वरून वाकवून कडेपर्यंत पुढे आणावा.

कट्टा काँक्रीटचा असेल तर अँकर फास्टनर (आवळल्यावर छिद्रात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) धरतात. तो जांभ्या चिऱ्यांचा असून वरून फक्त गिलावा केलेला असेल तर धरत नाहीत. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. फास्टनर आवळला की छिद्र मोठे होते आणि चार महिन्यांत हात डुगडुगू लागतो. अशा ठिकाणी चिऱ्यात वीतभर रुंद आणि सुमारे ३० सेंमी खोल खड्डा खणून पाइपचा पाय काँक्रीटमध्ये गाडावा, पायाला खाली आडवी सळी वेल्ड करावी आणि सात दिवस पाणी मारून कोणालाही हात लावू देऊ नये. आम्ही दोरी बांधली होती. ती सोडून पोरे त्यावर लोंबकळली. काटेरी फांद्या टाका.

वडा-पिंपळाच्या पाराचा प्रश्न वेगळा. पार बहुधा उंच असतो आणि त्याला आडवा हात शोभत नाही, शिवाय पूजेच्या दिवशी प्रदक्षिणेला अडतो. तिथे पायरीशेजारी एक उभा दांडा रोवला तरी पुरे होते.

७. मंडपातील प्लॅस्टिकच्या खुर्च्या

दशावतार, नमन किंवा लग्न यांसाठी भाड्याने खुर्च्या आणताना मंडपवाला बिनहँडलच्या खुर्च्या पुढे करतो, कारण त्या एका टेम्पोत जास्त मावतात आणि एका रांगेत जास्त बसतात. सगळ्याच हँडलच्या मागण्याची गरज नाही. पुढच्या दोन रांगा आणि वाटेच्या कडेच्या खुर्च्या हँडलच्या मागाव्यात. उन्हात राहिलेल्या प्लॅस्टिकचा हात, तो पायाला जिथे मिळतो तिथे पांढुरका पडून चिरतो. अशी खुर्ची बाजूला काढावी. गुळगुळीत लादीवर हातांवर जोर दिला की या खुर्चीचे पाय फाकतात, म्हणून आजी-आजोबांच्या खुर्च्या खांबाला किंवा भिंतीला लागून मांडाव्यात.

८. पैसे देण्यापूर्वीची तपासणी

शेवटचा हप्ता हातात ठेवूनच तपासणी करावी. वाडीतल्या वजनदार गृहस्थाला बसवून हाताच्या पुढच्या टोकावर पूर्ण भार देऊन उठायला सांगावे, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या हाताने. मग हात बाहेरच्या बाजूला ढकलून पाहावा, कारण उठताना जोर केवळ खाली पडत नाही, तो बाजूलाही जातो. नंतर जुने मऊ सुती फडके सगळ्या हातांवरून खालून-वरून फिरवावे. ते जिथे अडकेल तिथे कुसळ किंवा वेल्डिंगचा थेंब आहे असे समजावे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळे केले, त्यांना बसवून पाहावे. आमच्या तपासणीला आई आली होती. तिने दोन हातांमधला खण सोडून दुसऱ्या टोकाची जागा पसंत केली, कारण तिथून वळणावरची गाडी दिसते.

९. देखभाल

लोकांना वाटते की पावसाळ्यात धातू गंजतो. उघड्यावरच्या बाकाचे मीठ पाऊस धुऊन नेतो. शेडखालच्या बाकावर मात्र पावसाचे पाणी येत नाही आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत खारे बाष्प त्याच्यावर साठत राहते. म्हणून शेडखालचे हात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावेत. भांड्यांची लोखंडी घासणी स्टीलला लावू नये, तिचे कण रुतून तिथेच गंज धरतो.

लाकडाला तेल मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावे, म्हणजे मृगापूर्वी ते मुरते. बोल्ट वर्षातून दोनदा आवळावेत: एकदा तेल देताना आणि एकदा पाऊस संपल्यावर, कारण पावसात फुगलेले लाकूड दिवाळीपर्यंत आकसते आणि बोल्ट ढिले पडतात. हे काम कोणाचे ते ठरावातच नावाने लिहून घ्यावे. आमच्याकडे ते वाचनालयाच्या शिपायाकडे आहे, आणि त्यासाठी लागणारा १३ नंबरचा पाना वाचनालयातच, हजेरीपटाच्या कपाटात, दोरीला बांधून ठेवलेला आहे. मोकळा ठेवलेले आधीचे दोन पाने कुठे गेले ते कोणालाच सांगता आले नाही.